पेट्रोल-डिझेलवर हात बसलेल्या मेकॅनिकना ईव्ही-सीएनजीचं काम शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

दहा_अकराचा_पाना:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा. मी एका वर्कशॉपमध्ये ट्रेनिंगचं बघतो, सगळ्या मेकच्या गाड्या येतात. पेट्रोल-डिझेलवर आमच्या लोकांचा हात चांगला बसलाय, काही जण असे आहेत की नुसता आवाज ऐकून कुठला सिलिंडर मिसिंग करतोय ते सांगतात, आणि काही नवी पोरं आहेत ज्यांना स्कॅनर पटापट लावता येतो पण "या वायरचा व्होल्टेज ड्रॉप काढ" म्हटलं की एकमेकांकडे बघतात. सीएनजी, एलपीजी किटच्या गाड्या येतातच, हायब्रिड वाढल्यात, पूर्ण इलेक्ट्रिकही यायला लागल्यात, आणि आता वरून ऑर्डर आलीये की सगळ्यांना "पर्यायी इंधना"चं ट्रेनिंग देऊन टाका, एका शनिवार-रविवारात, शेवटी सगळ्यांना एकच सर्टिफिकेट, विषय संपला.

मला हे पटत नाहीये पण नक्की काय कारण देऊन नाही म्हणू ते सुचत नाहीये. मुळात गॅसची गाडी आणि बॅटरीची गाडी यांचा एकमेकांशी संबंध काय, दोन्ही एकाच बॅचमध्ये कोंबायचं कशाला? सुरुवात गाडीपासून करायची की फळ्यावर करंट-व्होल्टेजपासून? जुन्या लोकांना फळ्यासमोर बसवलं की अर्ध्या तासात डुलक्या सुरू. आणि प्रॅक्टिकल खऱ्या गाडीवर द्यायचं का, त्यात जोखीम किती? ज्यांनी असं ट्रेनिंग दिलंय किंवा घेतलंय त्यांनी सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत प्लीज, त्या ढिगानं पडल्यात.

मेगरवाला:
एकच सर्टिफिकेट सगळ्यांना, इथेच गडबड आहे. सर्टिफिकेटवर "काय येतं" यापेक्षा "कशाला हात लावायची परवानगी आहे" हे लिहिलेलं पाहिजे. जर्मनीत यासाठी पायऱ्याच ठरवल्यात, १एस, २एस, ३एस अशा. १एसवाला हाय व्होल्टेजच्या गाडीवर बाकीचं काम करतो, टायर, ब्रेक, ऑइल वगैरे, म्हणजे त्याला धोका कुठे आहे ते माहीत असतं आणि तिथे तो जात नाही. २एसवाला गाडीचा हाय व्होल्टेज बंद करून, बंद झालाय हे सिद्ध करून मग त्या सिस्टीमवर काम करतो. ३एसवाला जिवंत व्होल्टेजवर, म्हणजे उघडलेल्या बॅटरी पॅकवर वगैरे. तुमच्या वर्कशॉपमध्ये सगळे पहिल्या पायरीवर आले, दोन-तीन जण दुसरीवर आले आणि तिसरीवर कोणीच नसलं तरी काम चालतं. पॅक उघडायचं काम बाहेर पाठवा, त्यात कमीपणा काही नाही.

आता सुरुवात. माझं ठाम मत आहे की सुरुवात मल्टिमीटरपासून करा, आणि तीसुद्धा साध्या १२ व्होल्टच्या गाडीवर. अमेरिकेत एएसई (मेकॅनिकना सर्टिफिकेट देणारी संस्था) हिची हायब्रिड-इलेक्ट्रिकची जी एल३ परीक्षा आहे तिला बसायच्या आधी इलेक्ट्रिकलची ए६ आणि इंजिन परफॉर्मन्सची ए८ पास असावी लागते, ती अट उगाच नाहीये. ज्याला मीटरची लाल पिन चुकून अँपिअरच्या भोकात राहिलीये हे लक्षात येत नाही त्याच्या हातात ४०० व्होल्ट कशाला द्यायचे? व्होल्टेज ड्रॉप, ओपन, शॉर्ट, खराब अर्थ, रिले, हे सगळं आधी बोटात बसलं पाहिजे.

मग हाय व्होल्टेज. इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षेच्या यूएनच्या आर१०० नियमात ६० व्होल्ट डीसीच्या वर किंवा ३० व्होल्ट एसीच्या वर गेलं की ते हाय व्होल्टेज धरतात. लोकांना वाटतं ४०० म्हणजे धोका, ६० म्हणजे काय. तर घामेजलेल्या हाताला तेही पुरतं. गाडी बंद करायची पद्धत पोरांकडून इतक्या वेळा करून घ्या की कंटाळा आला पाहिजे: इग्निशन बंद, चावी गाडीपासून लांब आणि कुलपात (कीलेस गाडीत चावी खिशात ठेवून काम करणारे महाभाग बघितलेत मी), १२ व्होल्टचं टर्मिनल काढा, सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा) काढून तो स्वतःच्या ताब्यात ठेवा, मग थांबा. हे थांबणं कोणालाच जमत नाही. इन्व्हर्टरमधले (बॅटरीचा डीसी मोटरसाठी एसी करतो तो) कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले असतात, कंपनी ५ मिनिटं सांगते, कोणी १०, जे मॅन्युअलमध्ये आहे तेवढं थांबायचं. त्यानंतर मोजायचं. आणि मोजायच्या आधी मीटर माहितीतल्या जिवंत सोर्सवर तपासायचा, मग गाडीवर शून्य बघायचं, मग परत त्याच जिवंत सोर्सवर मीटर तपासायचा. कारण शून्य दोन कारणांनी येतो, एक तर व्होल्टेज नाही किंवा मीटरची लीड तुटलीये, आणि दुसऱ्या कारणानं माणूस जातो.

हातमोज्यांचं पण सांगून ठेवतो. क्लास ०० चे मोजे डीसीला ७५० व्होल्टपर्यंत चालतात, क्लास ० चे १५०० पर्यंत. तुमच्याकडे ८०० व्होल्टवाली गाडी आली तर क्लास ०० कामाचे नाहीत, पण दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे मनगटावरचा शिक्का वाचायला शिकवा. दर वेळी घालायच्या आधी कडेपासून गुंडाळत हवा कोंडून भोक बघायचं. वरून चामड्याचे मोजे. आणि हे मोजे स्पॅनरच्या ट्रॉलीत ऑइलच्या चिंध्यांखाली सापडले तर फेकून द्या, त्यावर चर्चा नको.

गॅसकिट_काका:
ईव्हीचं नाव निघालं की सगळे तिकडेच धावतात. पाना दादा, तुमच्याकडे आज येणाऱ्या गाड्यांत गॅसवाल्या जास्त असणार, तर आधी तिकडे बघा ना. आणि तुमचा प्रश्न बरोबर आहे, गॅस आणि बॅटरी एका बॅचमध्ये शिकवायचं काही कारण नाही. एएसईचीच एफ१ परीक्षा फक्त सीएनजीची आहे, वेगळी.

गॅसचं ट्रेनिंग गाडीपासून नाही तर शेडपासून सुरू करा असं माझं म्हणणं. पोरांना घेऊन शेडमध्ये फिरा आणि विचारा, गळती झाली तर गॅस कुठे जाईल? सीएनजी म्हणजे मिथेन, हवेच्या साधारण निम्म्या वजनाचा, तो वर जातो, छताच्या कोपऱ्यात साठतो. मग छताला काय काय आहे बघा, ट्यूबलाइटचे चोक, एक्झॉस्ट फॅनची मोटर, हीटर असेल तर तो. एलपीजी उलटा, प्रोपेन हवेच्या दीडपट जड आणि ब्युटेन दुप्पट, तो खाली उतरून पाण्यासारखा खड्ड्यात साचतो, म्हणून एलपीजीच्या गाडीखाली पिटमध्ये माणूस उतरवायचा नाही. आता डिटेक्टर एकच असेल आणि तो छताला असेल तर एलपीजीला काही उपयोग नाही, जमिनीजवळ असेल तर सीएनजीला नाही. हे एकदा शेडमध्ये उभं राहून सांगितलं की आयुष्यभर लक्षात राहतं, स्लाइडवर दाखवलं की दुपारपर्यंत विसरतात. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला की पेटतो, एलपीजीला २ टक्क्यांच्या आसपासच पुरतात. आकडे पाठ करून घ्यायची गरज नाही पण "थोडासाच वास येतोय" हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं त्याला हे आकडे ऐकवा.

दाब. सीएनजी टाकीत २०० बार, काही देशांत २५० बार. मेकॅनिकला ब्रेक लाइन, डिझेलची हाय प्रेशर लाइन माहीत असते म्हणून तो घाबरत नाही, पण डिझेलची लाइन उघडली की दाब लगेच पडतो कारण द्रव दबत नाही, गॅसच्या लाइनमागे दाबानं भरलेली पूर्ण टाकी उभी असते. म्हणून टाकीचा मॅन्युअल व्हॉल्व बंद करा, इंजिन चालू ठेवून लाइनमधला गॅस जाळून संपवा, गेज शून्य बघा, मग पाना लावा. ढिला फेरूल (पाइपच्या जोडाची रिंग) दाब असताना आवळायला जायचं नाही, हे सगळ्यात जास्त वेळा सांगा कारण हात आपोआप जातो.

टाकीवरचं लेबल वाचायला शिकवा, तिचं आयुष्य संपल्याची तारीख असते. टाकी पूर्ण स्टीलची आहे, की धातूवर फायबर गुंडाळलेलं, की आत प्लास्टिकचं अस्तर आणि बाहेर फायबर, त्यावर तपासणी बदलते. फायबरच्या टाकीवर ओरखडा, ॲसिडचा डाग, कशाला घासल्याची खूण, हे सगळं महत्त्वाचं, स्टीलवाल्याला ते दिसतच नाही कारण त्याला गंज बघायची सवय. टाकीवर जो सेफ्टी डिव्हाइस असतो तो साधारण ११० अंशाला उडून गॅस सोडतो, त्यामुळे गाडी रंगाच्या भट्टीत घालताना, शेजारी वेल्डिंग करताना कोणाला विचारायचं हे ठरलेलं असू द्या.

आणि डायग्नोसिस! गॅसवर मिसिंग, पेट्रोलवर झकास, लगेच किटला शिव्या आणि मॅपिंगची छेडछाड. अरे आधी प्लग आणि कॉइल बघा, मिथेनमध्ये ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं त्यामुळे दमलेली कॉइल आधी गॅसवर उघडी पडते. सिक्वेन्शियल किटचा ईसीयू (कंट्रोल करणारा कॉम्प्युटर) पेट्रोलच्या इंजेक्टरची वेळ वाचून त्यावरून गॅस सोडतो, मग पेट्रोलचंच ट्रिम (इंधन कमी-जास्त करायची ईसीयूची दुरुस्ती) बिघडलेलं असेल तर गॅसचा मॅप किती हलवला तरी बोंबच. आधी पेट्रोलवर फ्यूल ट्रिम शून्याच्या आसपास आणा. रिड्युसरवर (गॅसचा दाब कमी करणारा पार्ट) बर्फ दिसला तर रिड्युसर बदलायच्या आधी कूलंट बघा, दाब २०० वरून खाली येताना गॅस इतका गार पडतो की गरम पाणी फिरलं नाही तर तो गोठणारच. हे शिकायला तुमचे आवाज ऐकणारे जुने लोक सगळ्यात चांगले, त्यांना फक्त नवीन कारणांची यादी हवी असते.

शिकाऊ_२१:
मी असं एक ट्रेनिंग घेतलंय म्हणून लिहितो. आमच्या इथे पहिले सगळे दिवस शॉक लागल्यावर काय होतं, जळलेल्या हाताचे फोटो, बॅटरी पेटल्याचे व्हिडिओ, हेच चाललं होतं. शेवटी आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ठरवूनच टाकलं की इलेक्ट्रिक गाडीला हातच लावायचा नाही. एक जण तर वायपर बदलायलाही नाही म्हणाला. असं व्हायला नको असेल तर भीतीचा डोस बेतानं द्या.

बॉश_पंपवाला:
शिकाऊ, अगदी बरोबर बोललास. मेगरवाल्यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे पण त्यांच्या पोस्टनं असं चित्र होतं की ईव्ही म्हणजे फक्त हाय व्होल्टेजची नारिंगी वायर. रोजचं काम बघा. टायर जास्त झिजतात कारण गाडी जड आणि टॉर्क लगेच. ब्रेक उलटे, रिजनमुळे (मोटरच गाडी हळू करते आणि बॅटरी भरते) पॅड झिजत नाहीत पण डिस्कला गंज चढतो आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात, तर पॅड नवेकोरे दिसले तरी पिना काढून ग्रीस लावायला शिकवावं लागतं. केबिन फिल्टर, सस्पेन्शन, कूलंट, अलाइनमेंट. यातल्या कशालाच हाय व्होल्टेज उघडावा लागत नाही.

आणि सगळ्यात कॉमन ब्रेकडाउन कुठलं? गाडी पूर्ण मेली, काहीच चालू होत नाही, आणि कारण निघतं छोटी १२ व्होल्टची बॅटरी. मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (मोठे रिले) ओढायला १२ व्होल्टच लागतात, ते नसतील तर खाली भलामोठा पॅक भरलेला असून गाडी जागची हलत नाही. तर मेगरवाले म्हणतात तसं १२ व्होल्टपासून सुरुवात करायचं हे दुसरं कारण, आणि भीती पण निघते, कारण पहिलंच खरं ईव्ही काम त्याला येत असलेलं निघतं.

धोक्याच्या दोन जागा मात्र अशा आहेत ज्या साध्या कामातच लपलेल्या असतात. एक, लिफ्ट आणि जॅक. बॅटरी पूर्ण फ्लोअरखाली असते, जॅक कुठे लावायचा याचे पॉइंट ठरलेले असतात, सवयीनं मध्ये कुठेतरी लावला तर पॅकचं केसिंग दाबलं जातं. दुसरं एसी. हायब्रिड आणि ईव्हीत कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, त्याची मोटर रेफ्रिजरंट आणि ऑइलच्या आतच असते. त्याला पीओई ऑइल लागतं. नेहमीचं पीएजी गेलं, अगदी मशीनच्या होजमध्ये राहिलेलं थोडं गेलं तरी इन्सुलेशन पडू शकतं आणि गाडी आयसोलेशन फॉल्ट (हाय व्होल्टेज बॉडीकडे गळतोय असा) दाखवून बंद पडते. एसीवाला म्हणतो मी तर फक्त गॅस भरला. म्हणून एसीवाल्याला पण पहिल्या पायरीचं ट्रेनिंग द्या, आणि झाडलोट करणारा, गाडी धुणारा, गाड्या इकडे तिकडे लावणारा यांनाही. आवाज न करता "रेडी"मध्ये उभी असलेली गाडी बंद समजून पुढून काम करणारे कमी नाहीत.

दहा_अकराचा_पाना:
वा, मंडळी, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. पायऱ्यांची गोष्ट मला वर सांगायला एकदम उपयोगी आहे. दोन शंका. एक म्हणजे प्रॅक्टिकल नक्की कशावर, माझ्याकडे फोडायला स्वतःची ईव्ही नाहीये आणि कस्टमरच्या गाडीवर शिकवणं मनाला पटत नाही. दुसरं, हायड्रोजन. तिकडेही ट्रेनिंग द्या म्हणतायत, गाडी अजून एकही आलेली नाही.

कॅन_लो_कॅन_हाय:
प्रॅक्टिकलसाठी गाडी लागतच नाही सुरुवातीला. बोर्ड बनवा. एक मोठी प्लायवूडची शीट, त्यावर दोन मुख्य कॉन्टॅक्टर, एक प्रीचार्जचा (कपॅसिटर आधी हळू भरून घेणारा), प्रीचार्ज रेझिस्टर, एक कपॅसिटर बँक, इंटरलॉकची लूप (कनेक्टर सुटला की सिस्टीम बंद करणारी वायर), सर्व्हिस प्लग म्हणून एक कनेक्टर, आणि सोर्स म्हणून ४८ व्होल्टचा करंट लिमिट असलेला पॉवर सप्लाय. ४८ म्हणजे ६० च्या खाली, चुकला तरी माणूस शाबूत. आता या बोर्डवर सगळं तेच घडतं जे गाडीत घडतं: आधी इंटरलॉक पूर्ण आहे का, मग प्रीचार्ज, कपॅसिटर हळूहळू भरतो, दोन्ही बाजूचा व्होल्टेज जवळ आला की मुख्य कॉन्टॅक्टर ओढतो. प्लग काढल्यावर कपॅसिटर किती वेळ भरलेला राहतो ते मीटरवर डोळ्यांनी दिसतं, मग "थांबा" म्हणून ओरडावं लागत नाही.

मागच्या बाजूला स्विच लावा फॉल्ट घालायला. इंटरलॉकची एक पिन मोकळी, प्रीचार्ज रेझिस्टर ओपन, कॉन्टॅक्टर चिकटलेला, केसिंगला हलकीशी गळती. पोरांना फॉल्ट कोड द्या आणि शोधायला लावा. प्रीचार्ज फेलचा कोड आला की सगळे बॅटरीकडे धावतात, खरं कारण बऱ्याचदा पुढे कुठेतरी असतं, एखादा हीटर किंवा कॉम्प्रेसर आतून शॉर्ट असला की कपॅसिटर भरतच नाही. एकेक लोड काढून बघायचं डोकं बोर्डवरच तयार होतं.

परीक्षा पण तशीच घ्या. चार पर्यायांतून एक निवडा छाप पेपर नको. बोर्डवर माहीत नसलेला फॉल्ट, मीटर हातात, आणि प्रत्येक मोजमापाच्या आधी त्यानं मोठ्यानं सांगायचं की काय आकडा येईल असं वाटतंय आणि वेगळा आला तर पुढे काय करणार. ज्याला आधी आकडा सांगता येत नाही तो अंदाजपंचे पार्ट बदलणारा. परत एकदा सांगतो, बोर्डवर पास झाला म्हणजे गाडीवर एकट्यानं सोडायचं नाही, पहिली कामं दुसऱ्या पायरीच्या माणसासमोर, आणि हाय व्होल्टेजच्या कामात शेजारी दुसरा माणूस हवाच ज्याला करंट लागलेल्याला कसं ओढायचं आणि सीपीआर कसा द्यायचा ते येतं.

सेल_उघडू_नका:
अपघातातली ईव्ही आली तर काय, हे कोणीच लिहिलं नाही. ठोकर लागलेली किंवा पाण्यात बुडालेली गाडी शेडमध्ये घ्यायची नाही. बाहेर, दुसऱ्या गाड्यांपासून, भिंतीपासून लांब. १५ मीटरचं अंतर साधारणपणे सांगतात. लिथियमचा सेल आतून बिघडला की आधी तापतो आणि धूर सोडतो, विझल्यासारखा वाटून काही तासांनी, कधी दिवसांनी परत पेटतो. वर्कशॉपमध्ये कोणी छोटा फायर एक्स्टिंग्विशर घेऊन हिरोगिरी करायची नाही, लांब व्हायचं आणि फायर ब्रिगेडला सांगायचं की इलेक्ट्रिक गाडी आहे. गेटवरच्या माणसाला हे शिकवा, कारण टोइंगवाला गाडी त्याच्यासमोर आणून टाकतो, तुमच्या २एसवाल्यासमोर नाही.

गॅसकिट_काका:
हायड्रोजनवर माझं मत असं की आत्ता हातानं करायचं ट्रेनिंग देऊ नका, गाडी येईपर्यंत विसरतील. पण तासभर ओळख जरूर द्या कारण गॅसवाला माणूस तिथे जुन्या सवयीनं फसतो. सीएनजीत २०० बार होते, हायड्रोजनच्या कारमध्ये ७०० बार, बसमध्ये साधारण ३५०. सीएनजी नाकाला कळतो कारण त्यात वास मिसळलेला असतो, फ्यूल सेलच्या (हायड्रोजनपासून वीज बनवणारा) हायड्रोजनमध्ये वास मिसळत नाहीत कारण त्यानं सेलच खराब होतो, म्हणजे नाक निकामी. ज्वाला दिवसा जवळजवळ दिसतच नाही. आणि हवेत ४ टक्क्यांपासून थेट ७५ टक्क्यांपर्यंत पेटतो, ठिणगी पण मिथेनच्या मानानं कितीतरी बारीक पुरते, कपड्याच्या स्टॅटिकनंही. जिथे साबणाचं पाणी आणि नाक यावर आयुष्य गेलंय तिथे हा माणूस डिटेक्टरवर भरवसा ठेवायला तयार होत नाही, ती सवय बदलायला वेळ लागतो.

वरून फ्यूल सेलची गाडी ही मुळात इलेक्ट्रिकच गाडी, म्हणजे हाय व्होल्टेज आहेच. त्यामुळे हायड्रोजनला असाच माणूस निवडा ज्याची गॅसची आणि इलेक्ट्रिकची, दोन्ही पायऱ्या झाल्यात. इथे तुमच्या दोन बॅच एकत्र येतात, आधी नाही.

ट्रकवाल्यांसाठी जाता जाता, एलएनजी (द्रव केलेला नैसर्गिक वायू) आली तर ती सीएनजीची बहीण समजू नका. उणे १६२ अंशाला द्रव केलेली असते, कातडीला लागली की भाजल्यासारखी जखम, आणि तिच्यातही वास टिकत नाही. उभ्या ट्रकमध्ये ती हळूहळू उकळत असते, दाब वाढला की व्हॉल्वमधून बाहेर सोडते, तर असा ट्रक आठवडाभर बंद शेडमध्ये पार्ट येईपर्यंत उभा करून ठेवायचा नाही.

बॉश_पंपवाला:
इथेनॉल आणि बायोडिझेल कोणी मोजतच नाही पर्यायी इंधनात, कारण त्यात शॉक नाही, बार नाहीत. पण पोरं फसतात तिथेही. पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७, शुद्ध इथेनॉलला साधारण ९, म्हणजे ब्लेंड वाढला की इंजेक्टर जास्त वेळ उघडा राहणार आणि ट्रिम वर जाणार. ते बघून लीन फॉल्ट (इंधन कमी पडतंय) समजून पंप बदलणारे आहेत. आधी टाकीत काय आहे ते बघायला शिकवा, मोजनळीत पेट्रोल आणि थोडं पाणी घालून हलवलं की इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो, पाच मिनिटांचं काम. इथेनॉल पाणीही ओढून घेतं त्यामुळे बरेच दिवस उभ्या गाडीत खाली वेगळा थर बसतो. बायोडिझेलचं उलट, ते जुन्या टाकीतला मळ धुऊन काढतं आणि पहिले फिल्टर पटकन चोक होतात, कस्टमर म्हणतो इंधन खराब, खरं तर टाकी घाण होती. हे सगळं नेहमीच्या रिफ्रेशरमध्ये घाला, वेगळी बॅच नको.

नटबोल्ट_७:
एवढं कशाला, सरळ कंपनीच्या ट्रेनिंगला पाठवा ना सगळ्यांना.

मेगरवाला:
पाठवता आलं तर उत्तमच, पण मल्टिब्रँडवाल्याला प्रत्येक कंपनी दारात उभं करेलच असं नाही, आणि कंपनीचं ट्रेनिंग तिच्याच गाडीचं असतं. तो तिथे बटणांचा क्रम शिकून येतो आणि दुसऱ्या मेकची गाडी आली की परत कोरा. मूळ पद्धत आपण शिकवायची, मॉडेलप्रमाणे काय वेगळं ते मॅन्युअलमधून. मॅन्युअल विकत घ्या, त्यात कंजुषी नको. सर्व्हिस प्लग कुठे आहे हे अंदाजानं शोधायची गोष्ट नाही. आणि हे काही आकाशातून पडलेलं नवीन नाही, अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत एनएएफटीसी (नॅशनल अल्टरनेटिव्ह फ्युएल्स ट्रेनिंग कन्सोर्शियम) १९९२ पासून पर्यायी इंधनाच्या गाड्यांचं ट्रेनिंग देतंय, पहिली प्रियस जपानमध्ये १९९७ ला आली त्याच्याही आधीपासून.

दहा_अकराचा_पाना:
ठीक, मग मी असं मांडतो वर: पहिली पायरी सगळ्यांना, गेटवाल्यापासून एसीवाल्यापर्यंत, ती शनिवार-रविवारात बसते, म्हणजे त्यांचं म्हणणंही राहिलं. १२ व्होल्ट आणि मीटर मेकॅनिक मंडळींना, रोज काम सुरू व्हायच्या आधी थोडं थोडं, फळा नाही, गाडीवरच. गॅसची बॅच वेगळी, तिथे जुने लोक. बोर्डवर पास होतील त्यातले निवडक दुसऱ्या पायरीला. हायड्रोजन फक्त ओळख. एक शेवटचं, इन्सुलेशन टेस्टर (मेगर, करंट बॉडीकडे गळतोय का ते मोजणारा) घ्यायचाय, ५०० व्होल्टचा पुरेल का १००० चा घेऊ? आणि किती रीडिंग आलं की चांगलं म्हणायचं?

मेगरवाला:
दोन्ही रेंज असलेलाच घ्या. टेस्टचा व्होल्टेज गाडीच्या व्होल्टेजपेक्षा कमी नको, म्हणजे ८०० वाल्या गाडीला १००० लागेल, पण ४०० वाल्या गाडीच्या एखाद्या पार्टवर १००० मारायचे नाहीत, किती चालतात ते मॅन्युअलमध्ये असतं ते बघा. मोजताना तो पार्ट सिस्टीमपासून सोडवलेला हवा, आणि टेस्ट झाली की लीड लगेच ओढू नका, मेगरनं भरलेला चार्ज त्यालाच उतरवू द्या.

रीडिंगचं, आर१०० मध्ये डीसीला व्होल्टमागे १०० ओहम आणि एसी जोडलेला असेल तर व्होल्टमागे ५०० ओहम अशी कमीत कमी मर्यादा आहे. ४०० व्होल्टच्या गाडीला ५०० नं धरलं तर २०० किलोओहम. पण ती पासिंगची कड आहे, चांगली गाडी मेगओहममध्ये दाखवते. त्यामुळे ३०० किलोओहम आलं तर पास म्हणून सोडू नका. कॉम्प्रेसर वेगळा काढून परत मोजा, हीटर वेगळा काढून परत मोजा, आणि आकडा जॉबकार्डवर लिहून ठेवा म्हणजे पुढच्या सर्व्हिसला तो खाली चाललाय की तिथेच आहे ते कळेल.